पन्नाशीची थोरवी

२०२१ साली केंद्राने जुन्या वाहनांसाठी जे नियम केले, त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी म्हणजे वारसा. तिला 'व्हीए' अक्षरांचा मानाचा क्रमांक, नव्या नोंदणीला शुल्क रुपये २०,०००. सरकारची स्वतःची गाडी मात्र १५ वर्षांची झाली की भंगारात. मधली ३५ वर्षे गाडीने कुठे काढायची, असले क्षुद्र प्रश्न विचारू नयेत. आमच्या चिखलीकडे कडब्याच्या गंजीमागे भरपूर जागा असते.

वारसा ठरलेली जीप रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे शेगावला महाराजांच्या दर्शनाला नेणे नियमबाह्य, शेगावच्या पंपावर पेट्रोल भरायला नेणे कायदेशीर. शिवाय देखभाल लागत नाही अशी पन्नाशीची जीप कुणी पाहिली आहे? मेहकरचा मित्र कार्बोरेटर देतो, मलकापूरचा कुठूनसा हॉर्न आणतो, खामगावचा फक्त सल्ला देतो (तोच सर्वांत महागात पडतो). मग आम्ही चौघे मिळून ढकलतो. ते झाले तांत्रिक संशोधन.

चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरबदल मात्र झालेला नको. अर्ज आला की राज्याची समिती तपासणार. समिती आमच्या जिल्ह्यात आलीच, तर तिने जीपखालचा रस्ताही पाहावा. मूळ स्वरूप शाबूत, मोठी दुरुस्ती कधीही नाही. २०,००० आम्ही वर्गणी काढून भरतो.