पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांना काही उपयुक्त सूचना

विषय शोधत हिंडू नये. विषय सरांकडे असतो. आपण त्याला फक्त शेपूट लावायचं. माझा विषय होता 'ग्रामीण कादंबरीतील बैलाचे चित्रण : निवडक कादंबऱ्यांच्या विशेष संदर्भात एक चिकित्सक अभ्यास'. यातला 'चिकित्सक' राहिला तर समिती आराखडा परत पाठवते. बैल राहिला तरी चालतं.

घाई करू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमांत किमान 3 वर्षं, कमाल 6, वर 2 वर्षांपर्यंत मुदतवाढ, आणि महिलांना आणखी 2 वर्षं आहेत. म्हणजे आपल्या सासरची आयोगाला पुरेशी कल्पना आहे.

सरांना फोन करू नये, मेसेज टाकावा. निळ्या खुणा दिसल्या की पुढचे दोन आठवडे आनंदात जातात. माझ्या तिसऱ्या प्रकरणावर चार महिन्यांनी शेरा आला, 'समास वाढवा.' मी दोन रात्री विचार केला. समासातली माणसं, परिघावरचा समाज, असं काहीतरी सरांना सुचवायचं असणार! नंतर कळलं, डावीकडे दीड इंच जागा सोडली नाही तर बाइंडिंगमध्ये अक्षरं जातात.

दरम्यान पोटासाठी तासिका तत्त्वावर शिकवावं. मानधन मार्चनंतर कधीतरी येतं. तोवर दूधवाल्याला तासिका तत्त्व समजावून सांगावं. हाही अध्यापनाचाच अनुभव. फक्त अनुभवाच्या दाखल्यात धरत नाहीत.

लग्नकार्यात 'अजून किती राहिलंय?' असं विचारणारे भेटतात. 'संदर्भसूची' एवढंच म्हणावं. ती काय असते हे कुणालाच माहीत नसल्यामुळे आजारपणाला मिळते तशी सहानुभूती मिळते आणि ताटात एक जिलबी जास्त पडते.

वाङ्मयचौर्याची धास्ती नको. 2018च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. आमच्यातल्या एकाने तर प्रबंध युनिकोडआधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतला. तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसली. साम्य शून्य टक्के. इतकं मौलिक लेखन आमच्या विभागात त्याआधी झालं नव्हतं.

तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन प्रश्न विचारू शकतो. लोक येतात. नाश्ता चांगला ठेवावा.

सोनेरी अक्षरांचं काळं बाइंडिंग मात्र स्वतः उभं राहून करून घ्यावं. मी प्रती टाकून घरी आले. रात्री साडेनऊला बाइंडिंगवाल्याचा फोन.

"मॅडम, एकशे त्रेचाळीसवर बैल बाजारात उभाय आणि लगेच पुढच्या पानावर मेलाय. मधलं काही राहिलंय का?"

राहिलं होतं. अख्खी दोन पानं. सरांनी सही केलेल्या प्रतीतही ती नव्हती.