बिनपगारी बँडमास्तर

आजच्या पोलोग्राउंडवर घोडे नाहीत. कारखान्यांची फाटकं आहेत, वीज कंपनीची कचेरी आहे, मालाचे ट्रक आहेत आणि त्या कचेरीतून निवृत्त होऊनही तिथल्या चहाच्या टपरीवर रोज हजेरी लावणारे बँडकाका आहेत. हे गृहस्थ एकटेच आहेत असं समजू नका. इंदूरच्या दर दोन मराठी गल्ल्यांमागे असा एक असतोच. पोलोग्राउंडचे मला जवळून ठाऊक आहेत, इतकंच.

बँडकाकांना एकही वाद्य वाजवता येत नाही. तोंडाने मात्र ते अख्खा बँड वाजवतात. क्लॅरिनेट नाकातून, युफोनियम पोटातून, आणि बास ड्रमसाठी समोरच्याची पाठ. रस्त्यात कुणाचीही वरात दिसली की स्कूटर कडेला लागते. मग घोड्यावरच्या नवरदेवाकडे पाठ करून, बँडकडे तोंड करून, काका उलटे चालू लागतात आणि दोन्ही हातांनी हवा कापू लागतात. ‘भिया, कॉर्नेट जरा दबा के! ट्रॉम्बोन, पीछे!’ मास्तरांच्या तोंडात कॉर्नेट असल्यामुळे त्यांना उत्तर देता येत नाही. काका त्यालाच संमती समजतात. गाणं आधी ठरलेलं तेच चालू राहतं, पण संपल्यावर काका असा घाम पुसतात की बघणाऱ्याला वाटावं, चाल यांचीच. जेवायला मात्र थांबत नाहीत. तेवढ्या वेळात दुसरी वरात निघून जाते.

खरा हंगाम चातुर्मासात. लग्नं बंद, मेरठहून आणलेली पितळी वाद्यं दुकानात टांगलेली, आणि बँडवाल्यांची नजर गणपतीकडे. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात गिरण्यांच्या झांक्या निघतात. दिव्यांनी लखलखणारे ते चित्ररथ, पुढे आखाड्यांचे पट्टेबाज आणि बँड. जेल रोड, कृष्णपुरा, खजुरी बाजार, राजवाडा असं करत रात्र सरते. या प्रथेने शंभरी ओलांडली आहे, आणि त्यातली निम्मी मिरवणूक आपण चालवली, असं काकांचं मत आहे. कुणी पुण्याचं नाव काढलंच तर म्हणतात, ‘प्रभात बँड 1938 चा, मान्य. पण रात्रभर वाजवून दाखवा म्हणावं!’ पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपार उलटली तरी संपत नाही, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही. त्यांचा रक्तदाब मला ठाऊक आहे.

मागे भाच्याने अमेरिकेतून एक व्हिडिओ पाठवला. बॉस्टनजवळ समरव्हिल गावात 2006 पासून ‘हॉन्क’ नावाचा उत्सव भरतो. मंच नाही, तिकीट नाही, माईक नाही. कुठल्या ना कुठल्या सामाजिक प्रश्नासाठी झटणारी मंडळी ट्युबा-ट्रॉम्बोन घेऊन थेट चौकात उतरतात. काकांनी शेवटपर्यंत पाहिला. माईक नसल्याबद्दल मान डोलावली, कारण डीजे या वस्तूशी त्यांचं उभं वैर आहे. मग म्हणाले, ‘वाजवतात बरं. पण एकासारखा एक गणवेश नाही. आणि पुढे कुणी चालतच नाही! यांना वळायचं कुठे, हे कळतं कसं?’

हसू येतं, पण या माणसाला मी उगाच नाही सहन करत. झांक्या काढणाऱ्या गिरण्यांपैकी हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली आणि मजुरांची थकलेली रक्कम हाती पडायला 2023 चा डिसेंबर उजाडला. मधल्या बत्तीस वर्षांत भोंगा गप्प होता, पण करोनाचा खंड सोडला तर झांकी निघत राहिली. पगार नसलेल्या माणसांनी वर्गणी जमवून, इकडून तिकडून मदत मागून ती काढली. त्या काळात वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन पोलोग्राउंडच्या फाटकाफाटकांवर कोण फिरत होतं, हे वेगळं सांगायला नको. आजही शेवटची झांकी गेल्यावर, ओठ सुजलेल्या त्या वाजवणाऱ्यांना पहाटे पोहे-जलेबी खिलवतात ती स्वतःच्या खिशातून. त्याची मात्र पावती फाडत नाहीत.

येत्या अनंत चतुर्दशीला इंदुरात असलात तर रात्री दोनच्या सुमाराला खजुरी बाजारात या. मिरवणुकीत उलटा चालणारा एकच माणूस दिसेल. फर्माईश असेल तर बँडला सांगू नका, त्यांना सांगा. गाणं वाजणार नाहीच, पण ते न वाजण्याचं शास्त्रोक्त कारण तुम्हाला समजावून सांगितलं जाईल. फक्त ऐकताना त्यांच्याकडे पाठ करू नका.