निलंबित बेअरिंग

शिडाच्या बोटीत काही बिघडलं की शिक्षा आधी कोणाला होते हे पाहायचं असेल, तर पाण्याखाली जावं लागतं. इंजिनापासून निघालेला पोलादी शाफ्ट बोटीच्या पोटातून बाहेर पडतो आणि पंख्याच्या जरासा अलीकडे एका ब्रॅकेटमध्ये टेकतो. ब्रॅकेटमध्ये एक पितळी नळी ठोकून बसवलेली असते, नळीला आतून रबराचं अस्तर असतं आणि अस्तरात लांबीच्या दिशेने पन्हळी असतात. हेच ते बेअरिंग. एक इंची शाफ्टला साधारण चार इंच लांबीचं. त्याला कोणी तेल देत नाही की ग्रीस लावत नाही. पन्हळींतून वाहणारं समुद्राचं पाणी हेच त्याचं वंगण, आणि त्या पाण्याबरोबर आलेली वाळू आली त्याच वाटेने निघून जाईल अशी सर्वांची श्रद्धा. सरकारी कचेरीत दाराबाहेरच्या स्टुलावर बसणाऱ्या शिपायाचं जे स्थान, तेच बोटीत या बेअरिंगचं: सगळा कारभार त्याच्या अंगावरून जातो आणि कारभारातलं त्याला कोणी काही विचारत नाही. बोट थरथरू लागली, मागून खडखड ऐकू आली, की तिला पाण्याबाहेर काढतात. मग मालक, मिस्त्री आणि गोदीतून सहज चाललेला कोणी तिसरा, असे तिघं आळीपाळीने पंखा धरून वरखाली हलवतात, माना डोलावतात आणि निकाल देतात, “बेअरिंग गेलं.” शिपाई निलंबित. साहेब, म्हणजे इंजिन, आत केबिनमध्ये जागच्या जागी. बेअरिंग गेलं ही बातमी खरीच असते. माझी तक्रार एवढीच की सगळ्या बोटीत जो एकमेव साक्षीदार होता, त्यालाच आरोपी ठरवून आपण घरी पाठवतो आणि चौकशी संपली म्हणून नवा शिपाई भरती करतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: अहो, झिजणं हीच त्याची नोकरी. इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. एकोणिसाव्या शतकात पंख्यावर चालणाऱ्या आगबोटी आल्या तेव्हा शाफ्ट धातूच्या बेअरिंगमध्ये फिरे, आणि खाऱ्या पाण्यात धातूवर धातू इतक्या झपाट्याने झिजे की पंख्याचीच कल्पना बुडते की काय अशी वेळ आली. १८५०च्या दशकात जॉन पेन या इंग्रज अभियंत्याने तिथे चक्क लाकूड बसवलं. तेही लिग्नम व्हिटी नावाचं, वेस्ट इंडीजकडचं. पाण्यात टाकलं तर बुडणारं आणि आपल्याच राळेने आपल्याला तेलकट ठेवणारं. या लाकडाने शंभर वर्षं नोकरी केली. अमेरिकेची नॉटिलस ही पहिली अणुपाणबुडी १९५४ साली पाण्यात उतरली, तेव्हा अणुभट्टीच्या जोरावर फिरणारे तिचे शाफ्टही याच झाडाच्या ओंडक्यांवर विसावले होते. छोट्या बोटींत मात्र रबराने लाकडाची जागा घेतली. थोडक्यात, महागडा शाफ्ट वाचावा म्हणून त्याच्याहून मऊ काहीतरी पुढे करायचं, ही योजना पहिल्यापासूनची आहे आणि ती शहाणपणाची आहे. पण झिजणं नोकरीत असलं तरी किती वर्षांत झिजायचं यालाही काही धरबंध हवा. शाफ्ट सरळ रांगेत असेल तर असं बेअरिंग अनेक हंगाम निमूट काढतं. तेच दुसऱ्या हंगामात खडखडू लागलं तर त्याला वयोमान म्हणता येत नाही. शिपाई साठीला निवृत्त झाला तर हार-नारळ द्यावा. तिशीतच कमरेतून वाकला तर त्याच्या डोक्यावर कोणी काय ठेवलं होतं, हे निदान विचारावं.

आणि विचारलं तर बेअरिंग सांगतं, हीच खरी मजा. एक इंची शाफ्टला इंचाच्या सोळाव्या हिश्शाएवढी, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास ढिलाई आली की ते बदलावं, असा ढोबळ नियम आहे. पण ढिलाई किती हा प्रश्न कारकुनी आहे. ढिलाई कुठे, हा खरा प्रश्न. इंजिन ज्या रबरी पायांवर उभं असतं ते वर्षानुवर्षं धक्के आणि गळलेलं डिझेल पचवून खचतात. साहेबांची खुर्ची खचली की साहेब तिरके बसतात, आणि त्यांच्याबरोबर शाफ्टही तिरका होतो. तो बेअरिंगच्या पुढच्या तोंडाशी वर घासतो आणि मागच्या तोंडाशी खाली, नाहीतर याच्या नेमकं उलट. आता शाफ्ट फिरत असल्यामुळे तो स्वतः चोहोबाजूंनी सारखा झिजतो, बेअरिंग मात्र ठरावीक जागीच खाल्लं जातं. उलट शाफ्टच वाकलेला असेल तर त्याची एकच बाजू फिरत फिरत बेअरिंगला सगळीकडून खरवडते: बेअरिंग गोल सारखं झिजतं आणि शाफ्ट एका अंगाने. दोन वस्तू, दोन प्रकारची झीज, आणि त्यांची सांगड घातली की गुन्हेगाराचं नाव समोर येतं. शाफ्ट वाकण्याचं कारणही बहुधा फार दूरचं नसतं. पंख्यात अडकलेली जाळ्याची दोरी गरागरा गुंडाळली जाऊन शाफ्टला किती जोराचा हिसका देते, हे कोकण किनाऱ्यावरच्या कुठल्याही तांडेलाला विचारावं. उत्तरात शिव्याही मिळतील, पण माहिती अचूक मिळेल. इतका स्पष्ट जबाब एखाद्या चौकशी समितीपुढे आला असता तर समितीने मुदतवाढ मागून घेतली असती. बोटीवर तसं करायचीही गरज पडत नाही, कारण जबाब वाचायला कोणी थांबतच नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो. बेअरिंग स्वस्त आहे, बोट वर आली की दरवेळी बदलून टाकावं, कशाला हवा हा पंचनामा? बेअरिंग स्वस्त आहे हे खरं, पण त्याच्यापर्यंतचा रस्ता स्वस्त नाही. ते काढायला सहसा शाफ्ट काढावा लागतो. शाफ्ट काढायला आधी पंखा. पंख्याचा नट सुटतो, पण पंखा निमुळत्या शाफ्टवर असा घट्ट बसलेला असतो की पुलर लावून त्याला ओढावं लागतं. मग आतली, शाफ्टला इंजिनाशी जोडणारी कपलिंग. ती आणि शाफ्ट गंजाने इतके एकजीव झालेले असतात की कपलिंगच्या दोन तबकड्यांच्या मधे लोखंडी ठोकळा घालून, लांब बोल्ट आवळून, जबरदस्तीने फारकत करावी लागते. एवढं करून शाफ्ट मागे सरकू लागतो आणि सुकाणूला जाऊन धडकतो. आता सुकाणू काढा. सुकाणू खाली सोडायला बोटीखाली पुरेशी जागा नसते. मग एकतर बोट क्रेनने आणखी वर उचला, नाहीतर जमिनीत खड्डा खणा. म्हणजे मनगटाएवढ्या जाडीची एक नळी बदलायला समुद्रपर्यटनासाठी बांधलेल्या वाहनाखाली फावडं चालवायचं. शाफ्ट न काढता बेअरिंग दाबून बाहेर काढणारी शिकंज्यासारखी हत्यारंही मिळतात आणि ती उत्तम काम करतात, पण ब्रॅकेटपुढे त्यांना जागा असेल तरच. नव्या नळीला मात्र दया दाखवतात. तिला रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात आणि ब्रॅकेट हलकं गरम करतात. दीड इंच व्यासाचं पितळ शीतपेटीत जेमतेम तीन शतांश मिलिमीटर आकसतं, पण तेवढ्याने हातोडा टळतो. हातोड्याने ठोकलेली नळी आत वेडीवाकडी बसते, आणि नव्या शिपायाची नेमणूक पहिल्याच दिवशी चेंगराचेंगरीत होते. हा सगळा सोहळा दरवेळी करणाऱ्याला व्यवहारी कुणी म्हणावं?

त्यापेक्षा इंजिन रांगेत आणणं सोपं नाही का, असा प्रश्न पडेल. ते सोपं नाही, फक्त आतल्या आत होतं, आणि म्हणून कोणाला दिसत नाही. कपलिंगच्या दोन तबकड्या समोरासमोर आणायच्या आणि त्यांच्या मधली फट फीलर गेजने चहूकडून मोजायची. तबकडी चार इंचांची असेल तर सगळीकडच्या फटींत इंचाच्या चार हजारांशांहून अधिक फरक नसावा. म्हणजे कागदाच्या एका पानाएवढासुद्धा जेमतेम. मग इंजिनाच्या पायांचे नट अर्धा आटा वर, पाव आटा खाली. मनासारखं जुळलं की बोट पाण्यात सोडायची आणि सगळं पुन्हा मोजायचं, कारण जमिनीवर टेकूंवर उभी असलेली बोट आणि पाण्यात तरंगणारी बोट यांचा आकार एक नसतो. डोलकाठीच्या तारा ताणल्या की तो आणखी थोडा बदलतो. इथे बहुतेक मालकांचा संयम सुटतो. पाण्याखालचं काम लोकांना दिसतं, त्याचे फोटो काढता येतात. डोकं खाली पाय वर करून इंजिनखोलीत पाव आटा फिरवलेल्या नटाचं कौतुक कोणी करत नाही.

तिसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा. शिडाच्या बोटीला इंजिन हवंच कशाला? जोशुआ स्लोकमने १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’मधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्याच्याकडे इंजिन नव्हतं. विसाव्या शतकात लिन आणि लॅरी पार्डी हे जोडपं इंजिनाशिवायच जगभर फिरलं. त्यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. साहेबच नेमला नाही तर शिपायाचा प्रश्न उद्भवत नाही, हेही तर्काला धरून आहे. पण भर ओहोटीत, वारा पडलेला असताना, जहाजांच्या गर्दीतून बंदरात शिरायला जे कसब लागतं ते असलेला माणूस बेअरिंगवरचे लेख वाचत नाही. बाकीच्यांनी शिडांची गाणी गावीत आणि किल्ली फिरवावी.

राहता राहिला प्रामाणिक मृत्यू. मुंबई बंदरासारख्या गढूळ पाण्यात चिखल आणि वाळू सतत पन्हळींतून धावत असतात, आणि सर्व काही रांगेत असूनही बेअरिंग हळूहळू, सगळीकडून सारखं झिजतं; शाफ्टही गोल आणि सरळच सापडतो. अशा वेळी चौकशी बंद करून निवृत्ती मंजूर करायला हरकत नाही. पण हे ठरवायला जुनी नळी हातात असावी लागते, आणि तिथेच बहुतेक प्रकरणं बारगळतात. घट्ट बसलेली नळी हॅक्सॉने उभी चिरतात, पकडीने चुरगाळून ओढून काढतात, आणि दुपारच्या जेवणाआधी ती भंगाराच्या पोत्यात गेलेली असते, कारण पितळेला भाव आहे. पाते लावण्यापूर्वी वरची बाजू कोणती याची खूण करायला अर्धं मिनिट लागतं. खूण ओल्या रबरावर टिकत नाही, म्हणून ती नळीच्या मागच्या पितळी कडेवर टोकदार खिळ्याने करावी. मागची कड ओळखता आली की पुढची कोणती हे वेगळं लिहायला नको.