दोन बादल्या गार

देशातली पहिली अणुवीज आमच्या बोईसरच्या शेजारी, तारापूरला, १९६९ साली निघाली. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्यांच्या जातीचं नावच मुळी ‘उकळत्या पाण्याची अणुभट्टी’. म्हणजे अणू फोडून पाणी उकळण्याचा मान आमच्या पंचक्रोशीला मिळून अर्धं शतक उलटलं. आणि त्याच पंचक्रोशीत मी परवापरवापर्यंत रोज पहाटे सव्वापाचला कमरेला पंचा गुंडाळून, एक हात नळाखाली धरून उभा असायचो. बाहेरून आई विचारायची, “आलं का रे?”

“येतंय.”

बोईसरच्या फलाटावर लोकलबद्दल ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात.

आमची सोसायटी साधीच. तळमजला आणि वर तीन मजले, चोवीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. गच्चीला कुलूप आहे, पण किल्ली सगळ्यांकडे आहे. निम्मे लोक एमआयडीसीत फर्स्ट, सेकंड, नाइट करणारे. उरलेले डहाणू लोकलने मुंबई गाठणारे. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा आम्ही पेढे वाटले. आता रोज पहाटे चारला उठून अंगावर पाणी घ्यावं लागणार, हे पेढा तोंडात असताना कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पूर्वी ज्याचा त्याचा गिझर होता. आमचा पाच तारेवाला. घेताना मी दुकानदाराला विचारलं होतं, “पाच तारे म्हणजे वीज पाचपट कमी का हो?” त्याने मान हलवली. दुकानदाराच्या मान हलवण्याला अजून कुणी तारे द्यायला सुरुवात केलेली नाही. खरी गोष्ट अशी, की वीस लिटरची बादली पंचवीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायची तर अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागायची ती लागतेच. मग गिझरवर एक तारा असो की आख्खे सप्तर्षी. तापलेलं पाणी टाकीत नुसतं पडून असताना किती सावकाश निवतं, त्याचे ते तारे. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे दिवसाला दोन युनिटं, महिन्याला साठ. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांची वेस ओलांडली की पुढचा दर चढतो. ती वेस आम्ही दर महिन्याला आंघोळ करून ओलांडायचो.

आईला हा सगळा प्रकारच मान्य नाही. तिचं लहानपण केळव्याला वाडीत गेलं. मागीलदारी तांब्याचा बंब, त्यात करवंट्या आणि वाळक्या झावळ्या. पाणी तापायचं, राखेने भांडी निघायची, आणि निखाऱ्यात रताळं भाजून मिळायचं. “तुझ्या गिझरात रताळं भाजता येतं का?” असं ती विचारते. पाच तारे असले तरी याला उत्तर नाही.

मध्यंतरी गॅस गिझरची टूम आली होती. खिडकी नसलेल्या मोरीत दार लावून तो पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आंघोळीला गेलेलं माणूस बाहेर येत नाही. तो मोरीत बसवायचा नाही, असं सोसायटीने ठरवून टाकलं. आमच्या इतिहासातला हा एकमेव एकमताचा ठराव.

सार्वजनिक गरम पाण्याची कल्पना दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची. काका अणुऊर्जा केंद्रातून निवृत्त झालेले. वार्षिक सभेत, पार्किंगचा विषय संपून हमरीतुमरी नुकतीच निवली असताना ते उठले.

“तिकडे आम्ही काय करायचो? युरेनियमवर पाणी उकळायचं, वाफ काढायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं, मग वीज. तीन वाटे उष्णता घालावी तेव्हा एक वाटा वीज हाती लागते. बाकीचे दोन वाटे समुद्राच्या पाण्यातून परत समुद्रात. आणि इकडे तुम्ही त्या विजेने काय करता? पुन्हा पाणीच तापवता! गव्हाचं पीठ, पिठाच्या शेवया, आणि शेवया दळून परत पीठ!”

सभा गप्प. मग आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “म्हणजे काका, आपल्यापेक्षा समुद्राला जास्त गरम पाणी मिळतं?”

काका खाली बसले.

त्यानंतर सूचनांचा पाऊस पडला. सातिवली-कोकनेरला गरम पाण्याची कुंडं आहेतच, तिथून टँकर लावता येईल का, अशी एकाने पृच्छा केली. आमच्याकडे टँकर हे कुठल्याही प्रश्नाचं पहिलं उत्तर असतं. शेवटी गच्चीवर सौर बंब बसवायचा ठरलं. ‘सूर्यघर’ योजनेचे अठ्ठ्याहत्तर हजार मिळणार म्हणून तिघांनी हात वर केले. ते अनुदान वीज तयार करणाऱ्या पॅनेलना आहे, पाणी तापवणाऱ्या नळ्यांना नाही, हे कळल्यावर दोघांनी खाली घेतले. तिसऱ्याला झोप लागली होती. ठराव बहुमताने मंजूर झाला आणि मला ‘गरम पाणी उपसमिती’वर घेण्यात आलं. उपसमितीत मी एकटाच.

गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी आणि दोनशे काचेच्या नळ्या आल्या. नळी म्हणजे थर्मासचीच बहीण: दोन काचा, मध्ये निर्वात पोकळी, आतल्या काचेवर काळा लेप. ऊन आत जातं, ऊब बाहेर येत नाही. फुकटची आंघोळ म्हणून पहिला आठवडा लोक दोनदा न्हायले.

पण सूर्याचा कारभार उलटा. मे महिन्यात, जेव्हा साध्या नळालाही कढत पाणी येतं, तेव्हा वरून असं पाणी उतरायचं की विसण घालायला विसणच मिळेना. आणि जुलैत चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, अंगात गारवा भरतो, तेव्हा सूर्यनारायण दीर्घ रजेवर.

त्यात आमचा तळमजला. टाकी गच्चीवर, म्हणजे गरम पाण्याला तीन मजले उतरून यायचं. रात्रभर पाइपात निवलेलं पाणी आधी बाहेर काढावं लागायचं: मोजून दोन बादल्या गार. तिसऱ्या मजल्यावर नळ सोडला की वाफ. आमच्याकडे नळ सोडला की वाट. आई त्या दोन बादल्या वाया जाऊ देईना. एक धुण्याला, एक झाडांना. आमची तुळस इतकी माजली की वरचे लोक सकाळी नमस्कार करायला खिडकीतून नुसते खाली वाकले तरी चालायचं.

मग नळ्या फुटल्या. मुख्य लाइनच्या दुरुस्तीसाठी तीन दिवस पाणी बंद होतं. लोकांनी सौर टाकीतलं पाणी वापरायला घेतलं; कढत पाण्याने भांडी, कढत पाण्याने लादी, आणि आणखी कुठे कुठे ते सांगवत नाही. टाकी रिकामी झाली. नळ्यांत उरलंसुरलं होतं ते उन्हात वाफ होऊन गेलं आणि कोरड्या नळ्या भट्टीसारख्या तापल्या. चौथ्या दिवशी दुपारी दोनला पाणी आलं. वॉचमनने, बिचाऱ्याने, चांगल्या मनाने पंप लावला.

ठो!

बोईसरमध्ये असा आवाज झाला की त्याचा एक क्रम असतो. आधी सगळे गॅलरीत येऊन एमआयडीसीच्या दिशेला बघतात, धूर दिसतो का. धूर नव्हता. मग आत वळून पंख्याकडे बघतात. २०१८च्या नोव्हेंबरपासून तिकडे डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसायला लागले, तेव्हापासून पंखा हा आमचा भूकंपमापक. पंखे गरगर फिरत होते, त्यांच्यावरून काही कळेना. तेवढ्यात ठो, ठो. लोक पोरंबाळं घेऊन खाली उतरले. एका आजोबांनी बँकेचं पासबुक घेतलं होतं, एका काकूंनी लोणच्याची बरणी. वर गच्चीवर तापल्या काचेवर गार पाणी पडत होतं आणि नळ्या एकामागून एक दिवाळी साजरी करत होत्या. अकरा गेल्या. उपसमितीने झाडू मारला.

खरी दिवाळी तर याहून वाईट. नरकचतुर्दशीच्या आधी दोन दिवस आभाळ गच्च. पहाटे साडेचारला चोवीस घरांत एकाच वेळी तेल लागलं, उटणी लागली, नळ उघडले. चार चाळीसला माझ्या दारावर थाप. उघडतो तो समोर पहिल्या मजल्यावरचे भाऊ, आपादमस्तक उटण्यात, फक्त डोळे तेवढे ओळखीचे.

“उपसमिती, पाणी कुठाय?”

त्यांच्यामागे जिन्यात आणखी सात-आठ पिवळट आकृत्या. पंचे, टॉवेल, एक जण नुसता नातवाच्या डोरेमॉनच्या चादरीत. उटणं वाळत चाललेलं, त्यामुळे कुणाला नीट रागावताही येईना. बोललं की गालाला तडे जायचे. वरून तिसऱ्या मजल्याच्या शॉवरचा आवाज आणि रेडिओवरचं कीर्तन. तिकडे पहिली आंघोळ होऊन फुलबाज्याही लागल्या होत्या. टाकीत ढगाळ दिवसांसाठी विजेचा हीटर बसवलेला होता, नाही असं नाही. पण सामाईक मीटरचं बिल फुगतं म्हणून सेक्रेटरींनी त्याचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवला होता, आणि तो खिसा दिवाळीसाठी वाड्याला सासुरवाडीला गेला होता. भाऊंनी दारातलं कारीट उचललं, माझ्याकडे बघत पायाखाली चिरडलं, आणि गार पाण्याने आंघोळ करायला निघून गेले. नरकासुर कोण, हे त्या वर्षी स्पष्ट झालं.

आईची आंघोळ तोवर झालेली. तिने तीनलाच गॅसवर पातेलं चढवलं होतं.

पुढच्या सभेत काका पुन्हा उठले. या वेळी हीट पंप. “फ्रिजच्या मागे हात लावून बघा, गरम लागतं ना? आतली उष्णता ओढून तो मागे टाकतो. हे यंत्र तसंच, फक्त बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतं. एक युनिट वीज द्या, पाण्यात तीन युनिटांच्या आसपास उष्णता पडते. तिकडे तिनाचा एक होतो, इकडे एकाचे तीन. हिशेब मिटला!”

“म्हणजे समुद्रात गेलेले दोन वाटे परत आले?” वहिनी.

“आले असं समजा,” काका म्हणाले. त्यांनी या वेळी तयारी केली होती.

बोईसरच्या दमट हवेचा आजवर कुणाला उपयोग झाला नव्हता. घामाखेरीज तिचं दुसरं उत्पादन नव्हतं. या यंत्राला मात्र अशीच ऊबदार, ओली हवा मानवते. थंडी म्हणावी अशी आमच्याकडे पडतच नाही, त्यामुळे ते बाराही महिने खुशीत. ठेवायचं कुठे यावर तासभर वाद झाला. तिसरा मजला म्हणाला, अर्थात गच्चीवर. वहिनी म्हणाल्या, “सूर्य वर होता म्हणून बंब वर ठेवला. हवा तर खालीही आहे.” याला काकांकडेसुद्धा उत्तर नव्हतं. यंत्र आणि त्याची टाकी पंपरूमच्या शेजारी, पार्किंगच्या छताखाली बसली. तिथून वर चढवायला एक छोटा पंप.

आता मी नळ सोडतो आणि दहा सेकंदांत कढत पाणी. तिसऱ्या मजल्यावर पाइपातलं निवलेलं आधी काढावं लागतं. त्यांच्या गॅलरीत अलीकडे दोन तुळशी दिसतात.

आणि यंत्राने आणखी एक गोष्ट केली, जी कोटेशनमध्ये कुठेच नव्हती. हवेतली उष्णता काढून घेतली की मागे उरते ती थंड हवा. ती त्याच्या तोंडातून भसाभसा बाहेर पडते, फुकट, पार्किंगमध्ये. यंदाच्या मेमध्ये प्रथम वॉचमनने खुर्ची सरकवली. मग कॅरम आला. मग आई लसणीचं सूप घेऊन जाऊन बसली. “बंबाजवळ बसून कधी गार वाटलं नव्हतं बाई,” एवढी शाबासकी तिने त्याला दिली. रताळ्याचा विषय तूर्त मागे पडला आहे. सेकंड शिफ्टचे लोक जेवून तिथेच लवंडतात.

गेल्या रविवारी तिसऱ्या मजल्याचा लेखी अर्ज आला, सहा सह्यांचा. तळमजल्याच्या सभासदांना गरम पाणी आणि थंड हवा असे दोन्ही लाभ मिळत असून ही बाब समानतेच्या तत्त्वाला धरून नाही; सबब सदर थंड हवा पाइपद्वारे तिसऱ्या मजल्यापर्यंत नेण्यात यावी. सेक्रेटरींनी तो उपसमितीकडे पाठवला. उपसमितीने काकांना दाखवला. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचला, मनाशी काहीतरी हिशेब केला.

“नेता येईल,” ते म्हणाले, “पण रोज आधी दोन बादल्या गरम हवा काढून टाकावी लागेल म्हणावं.”