न्यूट्रल कुणाच्या वाट्याला?

आमच्या दिंद्रुड गावात बेल दाबून येणारा माणूस संशयास्पद समजावा. ओळखीचा माणूस गल्लीच्या तोंडापासूनच "हायत का मास्तर?" अशी हाळी देत येतो आणि आपण ओ देईपर्यंत ढाळजेत टेकलेलाही असतो. शेजारीण तर हाळीच्या भानगडीतही पडत नाही. ती वाटी घेऊन थेट स्वयंपाकघरात उगवते. त्यामुळे आमच्या चौकटीवरचं काळं बेकलाइटचं बटण कैक वर्षांपासून मेलेलं आहे, याची घरात कुणाला खबर नव्हती. ती दिली कुरिअरच्या पोरानं. तो ऐन दुपारी यायचा, लोटलेल्या दाराशी उभं राहून शहरी सभ्यपणानं बटण दाबायचा आणि 'घरी कोणी नाही' असा निरोप मोबाइलवर टाकून निघून जायचा. आत पंगत बसेल एवढी माणसं घोरत असायची. मंडळींचा मिक्सर असा परत गेला, तेव्हा बेलचा प्रश्न ऐरणीवर आला.

ही बेल आबांनी बसवलेली. 'टिंग' दाबल्यावर आणि 'टाँग' सोडल्यावर वाजणारी. आत तारेचं वेटोळं असतं. वीज आली की ते लोखंडी दांडीला ओढून एका पट्टीवर आपटतं, वीज गेली की स्प्रिंग तिला दुसऱ्या पट्टीवर फेकते. अमेरिकेत म्हणे बेलसाठी छोटा ट्रान्सफॉर्मर लावून जेमतेम १६ व्होल्ट बटणापर्यंत नेतात. आबांनी असले लाड केले नाहीत. सरळ २३० व्होल्ट चौकटीपर्यंत आणले होते. पावसाळ्यात चौकट भिजली की बटण दाबणाऱ्याच्या कोपरापर्यंत झिणझिण्या जायच्या. आबांनी ते कधी दुरुस्त करून घेतलं नाही. उधारीवाले आषाढ-श्रावणात आमच्याकडं फिरकत नसत.

फिटिंग करणाऱ्या बापूला बोलावलं. त्यानं बटण उघडलं. आत सुती वेष्टणाच्या दोन वायरी, दोन्ही वयोमानानं काळ्या, आणि दोन्ही भिंतीत गडप. आमचं घर माळवदाचं. दोन हात रुंद भिंत, दोन्ही अंगांनी दगड, मधे पांढरी माती. असल्या भिंतीत आजीनं पुरलेला डबा सापडत नाही, तिथं वायर काय सापडणार? बापूनं टेस्टर लावला. एका टोकाला पेटला. बटण दाबून धरलं तर दोन्ही टोकांना पेटला.

"येतीय, पर जाईना," बापू म्हणाला. "फेज हाय. न्यूट्रल मेलाय."

शिवाय आबांच्या फिटिंगवाल्यानं फेज आधी बेलमधून फिरवून मग बटणाकडं पाठवला होता. म्हणजे बटण न दाबताही बेलपासून बटणापर्यंत वीज टपून बसलेली. श्रावणातल्या झिणझिण्यांचा उलगडा झाला.

आता मेलेला न्यूट्रल भिंतीत जातो कुठं? बापूनं मेन स्विच पाडला आणि टॉर्चचा सेल अन् बल्ब घेऊन एकेक वायर तपासायला सुरुवात केली. तो ढाळजेत, मी माजघरात. तो ओरडायचा, "पेटला का?" मी ओरडायचो, "न्हाई!" घटकाभरानं अर्धी गल्ली ओसरीवर जमली आणि काय पेटत नाही याची आपुलकीनं चौकशी करू लागली. कुणी म्हणालं, तुळईवरून गेली असेल. कुणी म्हणालं, साण्यातून वर माळवदावर. एका म्हाताऱ्यानं तर रझाकारांच्या काळातलं भुयार सुचवलं. तेव्हा गावात विजेचा खांब होता का, हे कुणी विचारलं नाही.

शेवटी वायर सापडली ती टेस्टरनं नव्हे, काकूंमुळं. भिंतीपलीकडच्या घरातून त्या आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "आरं, धाकट्या वन्संच्या लग्नात मांडवाला लाईट घेतला हुता ना, तवा त्यो फिटिंगवाला आमच्या कणगीच्या खोलीतून आला हुता. त्या वायरीला मी कैक साल लसणाच्या माळा टांगल्यात."

म्हणजे असं होतं. हा वाडा आधी एकच. पुढं आबांची आणि काकांची वाटणी झाली. पंच बसले, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, बांधावरची बाभूळ निम्मी-निम्मी झाली, तांब्याचं घंगाळ कुणाकडं यावर एक अख्खी रात्र गेली. माजघरात मधे भिंत उठली, दोन मीटर आले. पण बेलची वायर कुणी वाटणीत धरलीच नाही. फेज आमच्याकडं राहिला आणि न्यूट्रल काकांच्या वाट्याला गेला. पुढं चुलतभावानं नवा बोर्ड बसवताना आपल्या हद्दीतली ही बिनकामाची काळी वायर छाटून टाकली. त्याच्या बाजूनं अगदी कायदेशीर.

चुलतभाऊ दिलदार. "त्यात काय, जोडून देऊ की," म्हणाला आणि जोडूनही दिली. बापूनं बटण दाबलं. टिंग झालं. टाँग व्हायच्या आत आमच्या घरातली सगळी वीज गेली. नुकताच बसवलेला आरसीसीबी पडला होता. हे यंत्र फार हिशेबी. फेजमधून गेलेली वीज आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज ताडून पाहतं, आणि ३० मिलिअँपिअरची तूट दिसली तरी मुकाट मेन तोडतं. आमची वीज बाहेर पडून परत येत होती ती चुलतभावाच्या घरी. पंचांना जे दिसलं नाही, ते त्या डबीनं एका टिंगमध्ये पकडलं.

पुण्याहून भाच्यानं तोवर बिनवायरची बेल पाठवली होती. पण तिच्या लहरींना आमची पांढरी माती भेदेना. मग वायरच ओढायची ठरलं. तुळईच्या कडेनं प्लास्टिकची पट्टी, तिच्यातून एक चौरस मिलिमीटरची तांब्याची नवी वायर, फेज आमचाच, न्यूट्रल आमचाच, आणि बटण या खेपेला फेजवर, म्हणजे एरवी बेल निर्जीव. ओल्या हाताला कमी धोका असलेलं झाकणाचं बटणही घेतलं. वीज असेल तेव्हाच वाजेल, हे ओघानं आलंच. परळीचं औष्णिक केंद्र आमच्या उशाशी, पण २०१३च्या फेब्रुवारीत पाण्यावाचून त्यालाच निजावं लागलं होतं. तिथं आमच्या टिंग-टाँगची काय कथा.

बेलचा डबा बसवला माजघरातल्या मधल्या भिंतीवर, कारण आबांचा खिळा तिथंच होता. आता बेल वाजली की आमच्या आधी काकूंना ऐकू येते. त्या "कोण हाय रं?" म्हणत त्यांच्या दारातून बाहेर येतात, कुरिअरच्या पोराला ओट्यावर बसवतात, चहा पाजतात, पार्सल घेतात आणि आतलं लुगडं अंगाला लावून बघून मग आमच्याकडं पाठवतात. कुरिअरचा पोरगा हल्ली दिंद्रुडची डिलिव्हरी सगळ्यांत आधी करतो.

मंडळींनी बापूला पुन्हा बोलावून डबा हलवायला सांगितलं. बापूनं स्क्रू ड्रायव्हर काढला आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाला, "हलवतो की वहिनी. पर आधी सांगा, ही भिंत कुणाच्या वाट्याची?"