नवा गिलावा

तंजावरला कुणी पाहुणा आला की त्याला बृहदीश्वराच्या देवळात न्यावंच लागतं. तिथे गेलं की कुणीतरी त्याला सांगतंच, की या विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराची, सावली जमिनीवर पडत नाही. दोनशे फुटांहून उंच दगडी शिखर आणि वर तमिळनाडूचं ऊन. सावली न पडायला काय झालं? चांगली ऐसपैस पडते. उतरत्या उन्हात गेलात तर तिच्यात बसलेली अख्खी शाळेची सहल दाखवतो, आणि त्याच सावलीत उभं राहून ती पडत नाही असं मुलांना सांगणारे मास्तरही दाखवतो.

राजराज चोळाने १०१० साली पुऱ्या केलेल्या या इमारतीला असल्या जाहिरातीची गरज नाही. माल अस्सल असताना जाहिरातीत थाप मारणं हा एक प्रकार झाला. संगणकावरच्या खेळांच्या धंद्याने दुसरा प्रकार पत्करला आहे. तिथे जाहिरात अस्सल असते, माल अजून यायचा असतो.

माझा भाचा इथल्याच एका कॉलेजात इंजिनिअरिंग शिकतो. त्याच्याकडे जी सिस्टम आहे (आमच्याकडे संगणकाला सिस्टमच म्हणतात) तिच्या पोटात इतके रंगीत दिवे आहेत, की एखाद्या देवळाच्या उत्सवाला भाड्याने देता येईल. पोंगलच्या सुट्टीत त्याने एका मोठ्या कंपनीचा नवा खेळ घेतला. चार हजार रुपयांच्या आसपास, आणि तेही खेळ बाजारात यायच्या आधी मोजलेले. शंभराहून जास्त जीबी उतरवायला रात्र गेली. सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून साहेब खुर्चीत बसले, तर पडद्यावर एक रेघ आणि खाली सूचना: शेडर तयार होत आहेत. म्हणजे खेळातला उजेड, पाणी, धूर वगैरे कसा रंगवायचा याची आकडेमोड खेळ आता तुमच्या यंत्राकडून करून घेणार. रेघ गोगलगायीच्या गतीने पुढे जात होती.

माझी आई डांगर पचडीचं भांडं हातात घेऊन मागे उभी राहिली. बराच वेळ ती रेघ बघून म्हणाली, "पैसे आधी घेतलेनीत, आणि तांदूळ निवडायला गिऱ्हाईकालाच बसवलंय होय रे?"

भाच्याकडे उत्तर नव्हतं. मग खेळ सुरू झाला. नायक देखणा होता, पण दर पाच पावलांना उचकी लागल्यासारखा अडखळायचा. एका प्रसंगी त्याचा घोडा जमिनीच्या हातभर वर उभा होता आणि तरीही गवत खात होता. संध्याकाळी कंपनीने दिलगिरी व्यक्त करून दुरुस्ती पाठवली. तीही काही थोडी नव्हे. ती उतरेपर्यंत सुट्टी संपली.

हे एकट्या भाच्याचं नशीब नाही. 'सायबरपंक २०७७' १० डिसेंबर २०२० ला आला, आणि साधारण आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला, मागतील त्यांना पैसे परत देऊ केले. 'बॅटमॅन: आर्खम नाइट' जून २०१५ मध्ये आला तेव्हा पीसीवर इतका रडतखडत चालला, की विक्री थांबवावी लागली, ती पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला. 'असॅसिन्स क्रीड युनिटी'त (२०१४) काही जणांच्या पडद्यावर पात्रांचे चेहरेच उमटले नाहीत. हवेत नुसते डोळे, दात आणि वर व्यवस्थित विंचरलेले केस. खेळ फ्रेंच राज्यक्रांतीतल्या पॅरिसचा, तेव्हा डोकी जाणं ओघानेच आलं असं म्हणता येईल. (आमच्या सरस्वती महाल ग्रंथालयात शार्ल लब्रुन या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रमालेतले चेहरे टांगलेले आहेत, माणसाचं तोंड घुबडाशी, उंटाशी जुळवलेलं. लोक हसतात. पण तिथे निदान तोंडं तरी आहेत.)

असल्या वेळी माझ्या वयाचे लोक जे करतात तेच मीही करतो. "आमच्या वेळी" असं म्हणतो आणि खुर्ची पुढे ओढतो.

आमच्या वेळी मेडिकल कॉलेज रोडवर एक ब्राउझिंग सेंटर होतं. प्लायवुडच्या खुराड्यांत संगणक, तासाला वीस रुपये, आणि भिंतीवर तमिळमध्ये 'मोठ्याने ओरडू नये' अशी पाटी. पाटीखाली दहा जण काउंटर-स्ट्राइक खेळत मोठ्याने ओरडत असत. घरच्या सिस्टमवरचे खेळ चेन्नईच्या बर्मा बाजारातून येत, सीडीवर स्केच पेनने नाव लिहिलेले. 'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये 'हाऊ डू यू टर्न धिस ऑन' असं इंग्रजीत टाइप केलं की मध्ययुगीन किल्ल्याच्या अंगणात एक झकपक मोटार उभी राहायची आणि हत्तींवर गोळ्या झाडायची. 'प्रोजेक्ट आयजीआय'मध्ये मोहीम अर्ध्यावर साठवून ठेवायची सोयच नव्हती. तळावरचे सगळे पहारेकरी टिपून शेवटच्या दाराशी पोचावं, आणि करंट जावा. मग पुन्हा पहिल्या कुंपणापासून. तेव्हा आम्ही वीजमंडळाला शिव्या घालत असू. खेळाला कधी घातल्याचं आठवत नाही.

पण आठवणीवर फार विसंबू नये. तेव्हाही खेळ काही सोवळ्यातले नव्हते. १९८२ सालचा अटारीचा 'ई.टी.' इतका पडला, की न विकलेला माल न्यू मेक्सिकोतल्या कचऱ्याच्या मैदानात पुरला. २०१४ साली लोकांनी तो खणून काढला, तोही कौतुकाने. 'डॅगरफॉल'मध्ये (१९९६) तळघरात चालता चालता माणूस फरशीतून खाली पडे आणि अनंत काळोखात पडतच राही. आणि आमच्या बर्मा बाजारी सीड्या! एका सीडीवर चार खेळ बसवायचे म्हणून त्यांतले व्हिडिओ आणि संगीत काढून टाकलेलं असे. एका खेळाला कथाच नाही असं आम्ही कित्येक वर्षं धरून चाललो होतो. नायक उगाचच चिडलेला असतो, एवढंच आम्हाला ठाऊक. पुढे नोकरी लागल्यावर मी तो खेळ रीतसर विकत घेतला, तेव्हा कळलं की त्याच्या बायकोला मारलेलं असतं आणि मागे सतत व्हायोलिन वाजत असतं. ते व्हायोलिन मी बंद केलं.

तेव्हा आमचे खेळ चांगले होते म्हणून आठवतात, हे काही खरं नाही. त्यांतलं जे वाईट होतं ते जागेवर राहायचं, म्हणून ते ओळखीचं झालं.

आमच्या घरातलाच दाखला देतो. आमच्याकडे परमपदाचा एक कागदी पट आहे. महाराष्ट्रातल्या मोक्षपटाच्या कुळातलाच खेळ. साप, शिड्या आणि सगळ्यात वर वैकुंठ. वैकुंठ एकादशीच्या रात्री जागरण करायचं असतं, आणि रिकाम्या पोटी जागं राहायला तमिळ देशात याहून चांगला उपाय सापडलेला नाही. पितळेच्या लांबट कांड्यांचे दोन फासे असतात. 'दायम', म्हणजे एकाचं दान, पडल्याशिवाय सोंगटी पटावर चढत नाही. आमचा पट आजोबांनी आणलेला. घडीवर फाटून एका सापाची शेपटी नाहीशी झाली आहे. तोंड आहे, पोट आहे, पण तो तुम्हाला कुठे नेऊन टाकतो हे सांगणारा तुकडाच गेला. म्हणून आमच्या घराण्यात नियम असा, की त्या सापाने गिळलं तर पुन्हा दान टाकायचं आणि पडेल तितकी घरं खाली यायचं. दायम पडलं तर साप तुम्हाला तिथेच सोडून देतो. या नियमाला कुठल्याही शास्त्राचा आधार नाही, पण त्यावरून आमच्याकडे दोन आत्या वर्षभर अबोला धरून होत्या. दुसऱ्यांच्या घरी मी धडधाकट पटावर खेळलोय. तिथला साप काय करणार ते आधीच माहीत असतं, आणि भांडायला काही उरत नाही.

मोठ्या खेळांतही असंच घडलेलं आहे. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'चं यंत्र इतकं गरीब होतं, की एवढे सगळे परग्रहवासी हलवताना त्याची दमछाक व्हायची. तुम्ही जसजसे मारत जाल तसतसा भार हलका होऊन उरलेले वेगाने धावत. निर्मात्याने, तोमोहिरो निशिकादोने, ते तसंच ठेवलं. खेळाची सगळी मजा तीच झाली. 'सिव्हिलायझेशन'मधल्या गांधीजींची गंमत तर आणखी वरची. १९९१ च्या पहिल्या खेळात आकडेमोडीच्या चुकीमुळे गांधीजी अणुबॉम्ब टाकत सुटायचे, अशी दंतकथा वर्षानुवर्षं चालली. २०२० साली खेळाचा निर्माता सिड मायर याने आपल्या आत्मचरित्रात सांगून टाकलं, की अशी चूक कधी नव्हतीच. पण २०१० च्या पाचव्या खेळात तो स्वभाव मुद्दाम घातला गेला. न पडणारी सावली नंतर चुन्याने आखून घ्यावी, तसला हा कारभार. आमच्या देवळाच्या विश्वस्तांना अजून हे सुचलेलं नाही.

देवळाचं निघालंच आहे तर आत जाऊ. गर्भगृहाभोवती एक अरुंद, अंधारी प्रदक्षिणेची वाट आहे. सर्वसामान्यांना ती बंद असते. तिच्या भिंतींवर सतराव्या शतकात, तंजावरच्या नायक राजांच्या काळात काढलेली चित्रं होती. १९३१ साली अण्णामलाई विद्यापीठाच्या एस. के. गोविंदस्वामींना दिसलं, की जिथे गिलावा गळून पडलाय तिथे खालून दुसरंच चित्र डोकावतंय. ते अकराव्या शतकातलं, चोळांचं होतं. ओल्या चुन्यावर काढलेलं. अशा कामात गिलावा वाळायच्या आत रंग भरून मोकळं व्हावं लागतं. आज ढोबळ काढू, डोळे पुढच्या महिन्यात पाठवू, असं चालत नाही. त्यावर सहाशे वर्षांनी नायकांच्या चित्रकारांनी नवा गिलावा चढवला आणि आपले देव काढले. नायकांना मी दोष देत नाही. भिंत काळवंडली असेल, रंग उडाला असेल. जुनं पुसावं असं त्यांच्या मनात नसेल, ताजं दिसावं असंच असेल.

मला आवडतं ते पुढचं. पुरातत्त्व खात्याच्या रसायनवाल्यांनी नायकांचा थर खरवडून फेकला नाही. तो अलगद सोडवून वेगळ्या फलकांवर बसवला. आता खालचा आठ हातांचा त्रिपुरांतक शिव आपल्या रथावर उभा आहे, आणि नायकांची चित्रंही शाबूत आहेत. तंजावरचे मराठे राजे, आमचे सरफोजी, यांनी १८०३ साली भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत देवळाच्या भिंतींवर कोरून घेतला, तेव्हा तेही चोळांचे शिलालेख जागच्या जागी ठेवून आपल्यापुरती जागा शोधून बसले. जागा मात्र भरपूर घेतली.

संगणकाच्या खेळांत फलकांवर चढवायची ही रीत नाही. २००२ चा 'वॉरक्राफ्ट ३' २०२० साली 'रीफोर्ज्ड' या नावाने नटवून आणला, आणि ज्यांनी जुनाच खेळ पैसे देऊन घेतला होता त्यांच्याही खेळावर तोच थर चढवला. जुन्यातल्या काही सोयी त्यात गेल्या. २०२१ च्या नोव्हेंबरात 'जीटीए'च्या तीन जुन्या खेळांची नवी आवृत्ती आली. पाऊस दुधाच्या धारांसारखा पांढरा, माणसं मेणाची, आणि यंत्राकडून सफाई करून घेतल्यामुळे दुकानांच्या पाट्यांवरची स्पेलिंगं चुकलेली. तिच्यासाठी जुने तिन्ही खेळ दुकानांतून आधीच काढून टाकले होते. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा 'जीटीए'वाल्या रॉकस्टार कंपनीने माफी मागून ते परत मांडले. 'द क्रू' या मोटारींच्या खेळाचे सर्व्हर तर ३१ मार्च २०२४ ला बंदच केले. घेतलेला खेळ ज्याच्या त्याच्या घरात तसाच, फक्त उघडत नाही. इथे थर चढवायचीही तसदी कुणी घेतली नाही, भिंतच काढून नेली. त्यावरून युरोपात चळवळ उभी राहिली आणि जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांवर सह्या झाल्या.

भाच्याला हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने शांतपणे विचारलं, "मामा, पण सायबरपंकमध्ये वाईट काय होतं? मी खेळलो की. मस्त आहे." त्याने तो २०२४ मध्ये, सवलतीत, सगळ्या दुरुस्त्या होऊन गेल्यावर घेतला. पहिल्या आठवड्यात पूर्ण पैसे मोजणाऱ्यांनी तो त्याच्यासाठी तपासून ठेवला होता. आम्हालाही बर्मा बाजारामुळे सगळं दोन वर्षं उशिरानेच मिळायचं. आमच्या पिढीच्या सुखाचं निम्मं श्रेय त्या उशिराला द्यायला हवं, पण हे मी त्याला सांगितलं नाही.

पोंगलनंतर त्याला त्याच तीन 'जीटीए'तला 'व्हाइस सिटी' खेळायचं वेड लागलं. नवं नको, जुनंच हवं. परवान्याच्या मुदती संपल्यामुळे रेडिओवरची काही गाणी पुढच्या आवृत्त्यांतून गळाली आहेत, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं, आणि त्याला गाण्यांसकट पाहिजे होतं. मी माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. मूळ खेळ दोन सीड्यांचा. डब्यात दुसरी निघाली, तिच्यावर माझ्याच अक्षरात नाव. शिवाय भाच्याच्या त्या रोषणाईच्या सिस्टममध्ये सीडी घालायला भोकच नाही. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवला, आणि पहिल्या सीडीसाठी ह्यूस्टनमधल्या चुलतभावाला फोन लावला, कारण शेवटी ती त्याने नेली होती.

तो म्हणाला, नेली होती, पण परत दिली. वर हेही म्हणाला, की तिच्यावर माझ्यामुळे ओरखडे पडले होते आणि ती विमानतळाच्या पुलाशी अडकायची. ती अडकायची नाही. अडकायची ती 'मॅक्स पेन'ची. भाचा म्हणतो, दोघेही खोटं बोलताहेत. आईचं म्हणणं, दोघांच्याही आज्यांना विचारायला हवं होतं, पण त्या आता हयात नाहीत, आणि होत्या तेव्हा त्यांनी आमच्या सीड्या कावळे हाकलायला गच्चीवर टांगल्या होत्या.