मुदतपूर्व कर्जमुक्ती आणि दाम्पत्यातील गोपनीयता

गृहकर्जाची उरलेली सगळी मुद्दल ठरलेल्या मुदतीआधी एकरकमी भरून बँकेकडचे गहाण सोडवून घेणे, याला मुदतपूर्व कर्जमुक्ती म्हणतात. आणि हेच सर्व जोडीदाराला कळू न देता पार पाडून एखाद्या पाडव्याला किंवा लग्नाच्या वाढदिवशी त्याच्या पानाशेजारी बँकेचे 'नो ड्यूज'चे पत्र ठेवणे, याला या लेखापुरते गोपनीय कर्जमुक्ती म्हणता येईल. पहिला प्रकार अर्थशास्त्राच्या कक्षेत येतो, दुसरा धाडसाच्या. गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या पट्ट्यात पहिला प्रकार सर्रास आढळतो आणि दुसऱ्याचे प्रयत्नही अधूनमधून होतात. परंतु दुसरा शेवटास गेल्याचे उदाहरण मिळणे अवघड का, याची कारणे या भागातील इमारतींत, कायद्यांत आणि स्वयंपाकघरांत शोधावी लागतात.

प्रथम इमारतींविषयी. गहाण टाकायला आधी मालकी असावी लागते, आणि गिरगावातल्या चाळकऱ्याकडे नेमकी तीच नव्हती. तो पागडी देऊन, म्हणजे घरमालकाला एकरकमी मोठी रक्कम मोजून, खोलीत कायमचा भाडेकरू म्हणून आलेला असे. खोली त्याची होती, पण कागदावर ती घरमालकाची होती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकल्यामुळे पुढे नातवाच्या लग्नापर्यंत आजोबांचेच भाडे चालू राहिले, आणि पागडीच्या व्यवहाराला कायद्याची स्पष्ट मान्यता मिळायला १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा यावा लागला. अशा खोलीवर कोणती बँक गृहकर्ज देणार? त्यामुळे फणसवाडी, मुगभाट, झावबावाडी या परिसरातल्या दोन-तीन पिढ्या गृहकर्जाशिवाय जगल्या आणि त्यांना त्याची उणीवही जाणवली नाही. कर्जे अर्थातच होती. ती सोन्यावर होती, ऑफिसच्या पतपेढीची होती, वाण्याच्या वहीत होती, आणि गिरणगावात पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटबाहेर उभ्या राहणाऱ्या पठाण सावकाराचीही होती. मात्र गुप्त असे त्यांतले एकही नव्हते. ज्या वास्तूत दहा बिऱ्हाडांना मिळून एक गॅलरी आणि सर्वांना मिळून एक नळ असतो, तिथे कोणाच्या बांगड्या कधी गेल्या आणि कधी परतल्या, हे ज्याच्या त्याच्या पत्नीच्याही आधी समोरच्या खोलीत कळत असे.

मालकीच्या घराची मध्यमवर्गीय कल्पना मात्र याच परिसरात फार लवकर रुजली, हे नोंदवले पाहिजे. गिरगावापासून चालत जाता येईल अशा गावदेवीत रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, आणि ती देशातली या प्रकारची पहिली संस्था मानली जाते. तीनच वर्षांनी, १९१८ साली, सारस्वत को-ऑपरेटिव्ह बँकिंग सोसायटी निघाली. आजच्या सारस्वत बँकेचे ते मूळ रूप, आणि सभासदांना ती ज्या अडचणींसाठी छोटी कर्जे देणार होती त्यांत आश्रितांची लग्ने आणि आजारपण यांच्या जोडीला जुने कर्ज फेडणे हेही होते. कर्ज फेडण्यासाठी कर्ज, हे तत्त्व इतक्या सरळपणे मांडणाऱ्या संस्थापकांना कुटुंबसंस्थेची उत्तम जाण होती, असेच म्हणावे लागते.

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, लालबागेत, जागेचा प्रश्न देवाकडे नेण्याची परंपरा आहे. लालबागच्या राजाचे मंडळ १९३४ साली स्थापन झाले तेच मुळी पेरू चाळीजवळचा बाजार बंद झाल्यानंतर कोळी आणि इतर विक्रेत्यांनी हक्काच्या जागेसाठी केलेला नवस पावला म्हणून. आज त्याच रांगेत तासन् तास उभे राहणाऱ्यांपैकी किती जणांच्या मनात वन बीएचके असतो, हे फक्त राजाला ठाऊक. जवळच वडाळा आणि लोअर परळ इथल्या गिरण्यांच्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी उभ्या राहिलेल्या ३,८९४ घरांची सोडत म्हाडाने १ मार्च २०२० रोजी काढली, तेव्हा सव्वादोनशे चौरस फुटांच्या घराची किंमत साडेनऊ लाख ठेवली होती. शेजारच्या टॉवरमधल्या दरांशी तुलना करता ही किंमत नगण्य होती आणि गिरणी कामगाराच्या निवृत्तिवेतनाशी तुलना करता अवाढव्य. गिरगाव-दादरच्या जुन्या चाळींचा पुनर्विकास झाला तिथेही कर्जाने मागल्या दाराने प्रवेश केला, कारण कायद्याने मिळणारी जागा फुकट असली तरी 'थोडी जास्त घेतली तर मुलाला वेगळी खोली होईल' हे वाक्य फुकट नसते.

आता गहाणाविषयी. शहरी गृहकर्जात जे गहाण चालते त्यात घराचे मूळ कागदपत्र बँकेच्या स्वाधीन केले की व्यवहार पुरा होतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने ही सोय आरंभी मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा मोजक्या व्यापारी शहरांनाच दिली, कारण तिथल्या व्यापाऱ्यांना कर्ज तातडीने लागे. म्हणजे गहाण टाकणे मुंबईत फार पूर्वीपासून सोपे आहे. ते सोडवायला लागणारा वेळ हा वेगळा विषय होय.

तो विषय आकड्यांशिवाय कळत नाही. तीस लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपयांचा बसतो, आणि पहिल्या हप्त्यातले २१,२५० रुपये व्याजात जाऊन मुद्दलीतून जेमतेम ४,७८५ रुपये कमी होतात. दहा वर्षे इमानेइतबारे हप्ते भरून, निम्मा प्रवास झाला अशा समजुतीने कर्जदार बँकेत चौकशीला जातो, तेव्हा अजून सुमारे एकवीस लाख शिल्लक असल्याचे त्याला नम्रपणे सांगण्यात येते. हप्त्यात मुद्दलीचा वाटा व्याजाहून मोठा व्हायला बारावे वर्ष निम्म्याहून अधिक सरावे लागते, आणि अखेरीस भरलेले एकूण व्याज साडेबत्तीस लाखांच्या आसपास, म्हणजे मुद्दलीपेक्षा जास्त होते. जुन्या हिंदू कायद्यात 'दामदुपट' नावाचा नियम होता, ज्यानुसार एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलीच्या वर जाऊ शकत नसे, आणि मुंबई इलाख्यातली न्यायालये तो मानत असत. परंतु हा नियम साचलेल्या व्याजापुरता असल्यामुळे महिन्याच्या महिन्याला हसतमुखाने दिलेले व्याज त्यात येत नाही. त्यातच मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला, तेव्हा अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली आणि ज्यांचे कर्ज निवृत्तीआधी फिटणार होते त्यांचे ते निवृत्तीनंतरही सोबतीला राहील अशी व्यवस्था केली. आश्चर्याचा धक्का देण्यात बँका कोणत्याही नवऱ्याच्या पुढे आहेत.

या सर्वांवरचा उपाय सोपा आहे: दरवर्षी एक हप्ता जादा भरला तरी वरील उदाहरणात मुदत तीन वर्षांहून अधिक कमी होते. पूर्वी कर्ज लवकर फेडणाऱ्याला बँका दंड करत, आणि ही कल्पना तर गिरणगावातल्या पठाणालाही सुचली नव्हती. रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांवरील हा दंड बंद केला. त्यामुळे आर्थिक अडथळा उरला नाही. उरला तो जोडीदार.

गोपनीय कर्जमुक्तीची इच्छा मुख्यतः पुरुषांना होते असा समज आहे, तो अपुरा आहे. पुरुषाची पद्धत अशी असते की तो बोनसचा आकडा घरी थोडा कमी सांगतो, महागाई भत्त्याच्या थकबाकीविषयी मौन पाळतो आणि भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढण्याचा अर्ज ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून भरून घेतो. स्त्रीची पद्धत अधिक जुनी व अधिक कार्यक्षम आहे. भिशी, म्हणजे दहा-पंधरा जणींनी दरमहा ठरावीक रक्कम जमवून पाळीपाळीने ती एकेकीला देण्याची रीत, हे तिचे पहिले साधन होय. दुसरे म्हणजे पोस्टातले आवर्ती खाते, ज्याचे पैसे नेण्यासाठी महिला एजंट दर महिन्याला दारात येते. १९७० च्या दशकापासून चालत आलेल्या या महिला एजंटांच्या योजनेने सबंध दादर-परळमध्ये एक असा वर्ग निर्माण केला की ज्याला प्रत्येक घरातल्या नवऱ्याला ठाऊक नसलेल्या रकमेचा अचूक आकडा माहीत असतो. या वर्गाने तोंड उघडायचे ठरवले तर कित्येक संसार हादरतील, किंवा कित्येक गृहकर्जे एका दिवसात फिटतील.

अशा घरात पुरुषाची गोपनीयता किती टिकते? त्याने आठ दिवस सलग पालेभाजीच्या भावाविषयी तक्रार केली नाही, एवढ्यावरून गृहिणीला संशय येतो. दादरच्या रानडे रोडवर साडीच्या दुकानासमोर तो घड्याळाकडे न पाहता उभा राहिला, की संशयाची खात्री होते. मात्र ती विचारत नाही. न विचारणे हा तिच्या तपासाचा भाग असतो, आणि उलट बाजूने स्त्रीच्या साठ्याविषयी पुरुषाने न विचारणे हा त्याच्या शहाणपणाचा भाग असतो, यावर सर्व जाणकारांचे एकमत व्हावे.

तथापि समजा, दोन्ही बाजूंनी डोळेझाक झाली आणि रक्कम भरली गेली. येथून पुढे कायदा आडवा येतो. आजकालचे बहुतेक गृहकर्ज पती-पत्नींच्या संयुक्त नावावर असते, कारण दोन पगार जोडल्याखेरीज या भागात कर्जाची पात्रताच येत नाही. आणि संयुक्त कर्जाचे मूळ कागद परत देताना बँका सर्व सहकर्जदारांच्या सह्या मागतात. म्हणजे जिच्यापासून गोष्ट लपवायची, तिलाच काउंटरवर घेऊन जावे लागते. ज्यांनी महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून महिलांना मिळणारी मुद्रांक शुल्कातली एक टक्का सवलत साधण्यासाठी घर फक्त पत्नीच्या नावावर घेतले, आणि बँकेनेही स्त्री कर्जदार म्हणून व्याजात पाच शतांश टक्का कमी केला, त्यांची स्थिती आणखी नाजूक असते: घर तिचे, कागद तिचे, भेट देणारा मात्र केवळ सोबत आलेला इसम. भरणा झाल्याचा संदेश कर्जदाराच्या मोबाइलवर जातो, तो मोबाइल ओट्याजवळ चार्जिंगला लावलेला असतो, आणि गृहस्थ शाखेतून बाहेर पडून प्लाझा सिनेमापर्यंत पोचण्याआधी त्याला फोन येतो: "अहो, बँकेतून काय आलंय हे? कुणी फसवलं तर नाही ना तुम्हाला?"

आश्चर्याचा क्षण असा सायबर गुन्ह्याच्या भीतीत सरतो. त्यानंतरचे संभाषण घराघरांत थोड्याफार फरकाने सारखेच होते. पहिला प्रश्न पैसे आले कुठून, हा असतो. दुसरा, ते इतकी वर्षे होते तर गेल्या दिवाळीला मिक्सर दुरुस्त का करून आणला, हा. आणि तिसरा, अजून कुठे काय काय आहे, हा असतो. तिसऱ्या प्रश्नाला दोघांपैकी कोणीच उत्तर देत नाही. आनंद होतो, पण तो संध्याकाळी, शेजारणीला सांगताना होतो. मग रविवारी मेहुणा येतो आणि कर्ज फेडून आयकराची सवलत घालवलीत असे हळहळतो. जुन्या कररचनेत स्वतः राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते हे खरे. पण दोन लाख व्याज भरून त्यावर जास्तीत जास्त तीस टक्के आणि वर उपकर एवढाच कर वाचतो, बाकीचे सारे बँकेकडे जाते, आणि नव्या कररचनेत तर स्वतः राहत्या घरासाठी ही वजावटच नाही. हे गणित मेहुण्याला समजावून सांगता येते, पण गृहिणी त्या वेळी भावाच्या बाजूने असते.

कागद परत मिळण्याची बाजू मात्र आता कर्जदाराला अनुकूल झाली आहे. पूर्वी कर्ज फिटूनही मूळ कागद महिनोन् महिने कुठल्याशा मध्यवर्ती गोदामातून येत राहत. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाने, १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांत सर्व मूळ कागद देणे आणि नोंदवलेला बोजा उतरवणे बंधनकारक केले, आणि विलंब बँकेच्या चुकीने झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई ठरवली. हा नियम प्रसिद्ध झाल्यापासून कागद एकतिसाव्या दिवशी मिळावेत अशी मनोमन इच्छा बाळगणारा कर्जदारांचा एक सूक्ष्म वर्ग अस्तित्वात आला असावा.

कागद हाती आले, की ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न उभा राहतो. कपाटात ठेवावेत तर वाळवी, माळ्यावर ठेवावेत तर पावसाळ्यात गळती, देवघरात ठेवावेत तर निरांजन. शेवटी दोघे मिळून त्याच शाखेत जातात आणि लॉकर घेतात, आणि वीस वर्षे ज्या इमारतीत ते कागद होते त्याच इमारतीत ते पुन्हा जातात. गहाण असताना बँक त्यांची राखण करत होती आणि परत द्यायला उशीर केला तर दिवसाला पाच हजार देणे लागत होती. आता राखणीचे भाडे कर्जदार भरतो, आणि १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट रकमेवर थांबते. लॉकर दोघांच्या नावावर असतो. किल्ली गृहिणीकडे असते, आणि त्या लॉकरमध्ये कागदांच्या खाली आणखी काय ठेवले आहे, हे गृहस्थ विचारत नाही.